हत्तीण, १९०० आणि ०२३१

२०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या मोबाइलच्या दुकानांत वेगळीच गर्दी दिसत होती. कुणाचा स्क्रीन फुटला नव्हता, कुणाला नवा हँडसेट नको होता. माणसे नंबर ‘पोर्ट’ करायला येत होती, आणि त्याचे कारण होते एक हत्तीण.

शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण तीन दशकांहून अधिक काळ होती. तिला गुजरातेत जामनगरच्या वनतारा केंद्रात हलवावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि महिना संपायच्या आत माधुरी नांदणीतून गेली. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत हजारोंची पदयात्रा निघाली. वनतारा हा रिलायन्सशी जोडलेला प्रकल्प, म्हणून लोकांचा राग जिओच्या सिमकार्डावर निघाला. पोर्ट केल्याचे मेसेज व्हॉट्सअॅपच्या गावोगावच्या ग्रुपवर फिरू लागले.

न्यायालयाचा निर्णय योग्य होता की नाही, हा या प्रकरणाचा विषय नाही. त्या कंपनीची सेवा चांगली की वाईट, हाही नाही. लोकांनी राग दाखवायला जे हत्यार उचलले, त्याकडे आपल्याला पाहायचे आहे. PORT हा एक शब्द, पुढे आपला नंबर, आणि १९०० या क्रमांकावर एक एसएमएस. उत्तरात आठ अक्षर-अंकांचा कोड येतो. तो घेऊन दुसऱ्या कंपनीच्या दुकानात जायचे, आधार दाखवायचे, की तीन कामकाजाच्या दिवसांत कंपनी बदलते आणि नंबर तोच राहतो. २० जानेवारी २०११ पासून ही सोय देशभर आहे. ती कुठल्या कंपनीने मनाचा मोठेपणा दाखवून दिलेली नाही. ‘ट्राय’ म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नियम लिहिला, म्हणून ती आली. हा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कॉल ड्रॉप असेल, वाढीव बिल असेल. हत्तीण नक्कीच नव्हती.

याच कोल्हापुरात तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एखाद्याने रागाच्या भरात फोन परत केला असता, तर शेजाऱ्यांनी त्याला वेड्यात काढले असते. कारण तेव्हा फोन सोडणे सोपे होते. मिळणे हे काही वर्षांचे काम होते.

दुकानाच्या पाटीवर फोन नंबर

जुन्या बाजारपेठेतली एखादी रंग उडालेली पाटी अजूनही दिसते. दुकानाचे नाव, खाली मालकाचे नाव, आणि कोपऱ्यात ‘फोन’ लिहून तीन किंवा चार आकडे. त्या आकड्यांना पाटीवर जागा देण्यामागे सोयीपेक्षा प्रतिष्ठा जास्त होती. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात फोन होते ८० हजारांच्या आसपास. १९९१ साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी, ते सुमारे ५० लाख झाले. लोकसंख्या तोवर ८४ कोटींच्या पुढे गेली होती. शंभर माणसांमागे एक फोनसुद्धा नव्हता.

मग ज्यांना तो हवा होता, ते काय करत? अर्ज करत आणि थांबत. रांगाही तीन होत्या. डॉक्टर, पत्रकार वगैरेंसाठी विशेष, बाकीच्यांसाठी सर्वसाधारण, आणि मोठी अनामत आगाऊ भरणाऱ्यांसाठी ‘ओन युअर टेलिफोन’, म्हणजेच ओवायटी. नावात ‘ओन’ असले तरी पैसे भरूनही फोन आपला होत नसे. फक्त रांग थोडी आखूड होई. लग्नाच्या पत्रिकेत ‘पी. पी.’ असे लिहून शेजाऱ्याचा नंबर छापायची पद्धत याच टंचाईतून आली. शेजाऱ्याकडे फोन असणे म्हणजे गल्लीला फोन असणे.

परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल. गुळाचे सौदे करणाऱ्या व्यापाऱ्याला गुजरातचा भाव हवा असायचा, उद्यमनगरच्या कारखानदाराला पुण्याची ऑर्डर. त्यांनी एक्सचेंजला नंबर नोंदवायचा आणि वाट पाहायची. घाई असेल तर ‘अर्जंट’, जिवावर बेतले असेल तर ‘लाइटनिंग’, आणि त्या क्रमाने पैसे वाढत. लाइन लागली की पलीकडच्या माणसाला ऐकू जावे म्हणून इकडचा ओरडत असे, आणि मधूनच ऑपरेटरचा आवाज येई, ‘‘थ्री मिनिट्स ओव्हर.’’ तीन मिनिटे हा हिशेबाचा तुकडा होता. त्यामुळे ख्यालीखुशाली विचारण्यात वेळ न घालवता थेट मुद्द्यावर यायची सवय त्या पिढीला लागली. आजही घरातली वडीलधारी मंडळी मोबाइलवर मोठ्याने आणि तुटक बोलतात, त्याचे मूळ इथे आहे.

या सगळ्याला आधार होता १८८५ च्या भारतीय तार कायद्याचा. तार, आणि पुढे टेलिफोन, चालवण्याचा हक्क फक्त सरकारचा, असे हा इंग्रजांचा कायदा सांगत होता. दूरसंचार खाते एकाच वेळी तारा टाकी, दर ठरवी, बिल पाठवी, आणि बिलाविरुद्धची तक्रारही स्वतःच ऐके. खासबागेच्या मैदानात पैलवान मालकाचा, पंचही मालकाचा आणि तिकीट फाडणाराही त्याचाच असेल, तर कुस्तीचा निकाल काय लागायचा ते प्रेक्षकाला आधीच कळते. टेलिफोनच्या मैदानात तर जोडीला दुसरा पैलवानच नव्हता.

कित्तूरचा डबा आणि पिवळी पाटी

बदलाची पहिली चाहूल कोल्हापूरपासून फार लांब लागली नाही. बेळगावच्या पुढे धारवाडच्या वाटेवर राणी चन्नम्मांचे कित्तूर लागते. जुलै १९८६ मध्ये तिथे १२८ लाइनींचे एक छोटे डिजिटल एक्सचेंज बसले. १९८४ साली सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘सी-डॉट’ या सरकारी संस्थेने ते बनवले होते. परदेशी डिजिटल एक्सचेंजला वातानुकूलित खोली लागे. हे यंत्र भारतीय खेड्यातल्या उन्हाळ्यात आणि धुळीत, एसीशिवाय चालेल असे बेतले होते. आकार लहान, पण परिणाम मोठा. शहराबाहेरच्या गावांना ऑपरेटरशिवाय थेट परगावी बोलता येऊ लागले.

आणि मग चौकाचौकात पिवळ्या पाट्या आल्या: एसटीडी, आयएसडी, पीसीओ. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांच्यासाठी हा सगळ्यांच्या मालकीचा फोन होता. हे बूथ देताना अपंगांना प्राधान्य होते. त्यांतून अनेकांचे संसार उभे राहिले.

रात्री पावणेअकराला अशा एखाद्या बूथसमोर उभे राहून पाहिले असते, तर दूरसंचाराचे दरपत्रक वाचायची गरज पडली नसती. वसतिगृहातली पोरे, बदली होऊन आलेला बँकेचा कारकून, मुंबईत नवरा असलेली बाई, सगळे घड्याळाकडे बघत उभे. अकराच्या ठोक्याला एसटीडीचा दर पावपट होई. काचेच्या केबिनमध्ये डोक्यावर लहानसा पंखा, समोर लाल आकड्यांचा मीटर. बोलणाऱ्याचे अर्धे लक्ष पलीकडच्या आवाजात, अर्धे त्या आकड्यात. खिशात वीस रुपये असतील तर आकडा अठरावर गेला की आवाजात घाई येई. बाहेर आले की छोटा प्रिंटर किर्र करून चिठ्ठी काढी.

तो मीटर पळायचा ‘पल्स’वर. एका पल्सला एक युनिट, पण पल्स किती सेकंदांची ते अंतरावर. गावातल्या गावात ती मिनिटांची, पुण्याला त्याहून लहान, दिल्लीला काही सेकंदांची. म्हणजे लांबचा माणूस हा महाग माणूस होता. १ मार्च २००६ रोजी बीएसएनएलने देशात कुठेही मिनिटाला एक रुपया अशी योजना आणली आणि अंतराचा हिशेब संपला. पिवळ्या पाट्यांचे बूथ पुढे मोबाइल रिचार्जची दुकाने झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये पोर्ट करायला गर्दी झाली ती अशाच दुकानांत.

आकड्यांतली सरहद्द

कोल्हापूरचा कोड ०२३१. पहिले शून्य म्हणजे गावाबाहेर जायच्या दाराची कडी. खरा कोड २३१. त्यापुढे सात आकड्यांचा नंबर. तीन आणि सात, दहा. मुंबईचा कोड २२, नंबर आठ आकडी. दोन आणि आठ, दहा. पन्हाळ्याचा २३२८, नंबर सहा आकडी, पुन्हा दहा. गाव जितके दाट, तितका त्याचा कोड आखूड, कारण नंबरांना जागा जास्त लागते. बीएसएनएलच्या लँडलाइनचा पहिला आकडा २ ठरलेला. तो सोडून उरलेल्या आकड्यांतून कोल्हापूरला दहा लाख नंबर काढता येतात, पन्हाळ्याला एक लाख. इचलकरंजी तालुक्याचे ठिकाण नसूनही तिथे २३० असा तीन आकडी कोड चालतो, आणि कागल, गडहिंग्लज, शिरोळ यांना २३२५, २३२७, २३२२ असे चार आकडी. यंत्रमागांनी गजबजलेल्या गावाची दाटी कोडातही दिसते.

आता हायवेने दक्षिणेला निघा. कागल संपले, कोगनोळी आली, आणि पुढे निपाणी. निपाणीचा कोड ०८३३८. कागलपर्यंत ०२ होते, इथून ०८ सुरू. भाषा तीच, सोयरीक तीच, तंबाखूचा आणि गुळाचा व्यापार तोच, पण आकडा बदलला. सीमाभागातल्या माणसाला वेगळा नकाशा लागत नाही. नंबर डायल करताना बोटांना सरहद्द कळायची.

मोबाइल आला आणि दुसराच नकाशा आला. सरकारने देशाचे तुकडे पाडले आणि त्यांना ‘सर्कल’ म्हटले. आमचे सर्कल ‘महाराष्ट्र आणि गोवा’. मुंबई त्यात नाही. मुंबई, नवी मुंबई, कल्याण हे वेगळे सर्कल. गंमत पाहा. लँडलाइनच्या नकाशात पणजीचा ०८३२ हा बेळगावच्या ०८३१ ला चिकटून. म्हणजे गोवा कर्नाटकाच्या घरात. मोबाइलच्या नकाशात तोच गोवा कोल्हापूरच्या घरात, आणि राज्याची राजधानी मात्र परक्या घरात. कोल्हापूरचा माणूस पणजीला गेला तर घरीच, मंत्रालयात गेला तर ‘रोमिंग’मध्ये.

कोगनोळीच्या आसपास ही रेघ रोज सोसावी लागे. शेत महाराष्ट्रात, पण जवळचा टॉवर पलीकडचा. फोनने आपणहून तो धरला की स्क्रीनवर कर्नाटकात स्वागत आणि आलेल्या कॉलचेही पैसे. निपाणीत दिलेल्या लेकीला आईने फोन करायचा तर आधी मिस्ड कॉल, मग हिशेब. बीएसएनएलने १५ जून २०१५ पासून रोमिंगमधले इनकमिंग मोफत केले, स्पर्धेच्या रेट्याने पुढच्या दोनेक वर्षांत इतरांनीही केले. ३ जुलै २०१५ पासून नंबर एका सर्कलमधून दुसऱ्यात नेता येऊ लागला. बेळगावला बदली झालेला कोल्हापूरकर आता जुन्या नंबरासह तिकडचा ग्राहक होऊ शकतो. सीमाप्रश्न न्यायालयात तसाच आहे. फोनपुरता तो सुटला.

लँडलाइनचा नकाशाही बहुधा फार काळ टिकणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने अशी शिफारस केली आहे, की तालुक्यागणिक कोडांच्या मर्यादेत नंबर अडकवून ठेवायची पद्धत सोडावी आणि सर्कल हेच एकक धरून सगळीकडे दहा आकडी डायल करावे. तसे झाले तर ०२३१ हा गावाचा पत्ता न राहता नुसता नंबराचा पुढचा भाग राहील.

पंच आला

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला. महाराष्ट्र-गोवा सर्कलचे परवाने मिळाले बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी यांना. बिर्ला एटी अँड टीची पुढे आयडिया झाली. ९८२२ आणि ९८२३ ने सुरू होणारे नंबर त्या काळातले. आजही कोल्हापुरात कुणाचा नंबर ९८२२ ने सुरू झाला, की समोरचा मनात म्हणतो, माणूस जुना आहे. बीएसएनएलच्या मोबाइलचा ९४२२ त्यानंतरचा.

खेळाडू वाढले तेव्हा पंच लागला. २० फेब्रुवारी १९९७ रोजी ट्राय स्थापन झाले. २००० साली कायदा बदलून भांडणे सोडवायचे काम त्याच्याकडून काढले आणि ‘टीडीसॅट’ या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे दिले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला खात्यातून बीएसएनएल ही कंपनी वेगळी झाली. तेव्हापासूनची वाटणी ढोबळमानाने अशी आहे: परवाना आणि लहरींचा लिलाव दूरसंचार विभागाकडे, दर आणि दर्जाचे नियम ट्रायकडे, कंपन्या-कंपन्यांतली आणि कंपनी-सरकारमधली भांडणे टीडीसॅटकडे, आणि फोन लावायचे काम कंपन्यांकडे. एका मालकाच्या हातातल्या चार गोष्टी चार ठिकाणी गेल्या.

पंचाचा हात सामान्य माणसाला पहिल्यांदा जाणवला तो १ मे २००३ ला. त्याआधी मोबाइलवर आलेला कॉल घेतला तरी पैसे लागत. फोन वाजला की लोक नंबर बघत, कट करत आणि जवळच्या बूथवर जाऊन उलट फोन लावत. खिशात मोबाइल असलेला माणूस पीसीओच्या रांगेत उभा, हे दृश्य आज सांगितले तर पोरे हसतील. नव्या नियमाने ठरवले की फोन करणाराच पैसे देईल, आणि त्यातला वाटा एक कंपनी दुसरीला देईल. इनकमिंग फुकट झाले. भाजीवाली, रिक्षावाला, गवंडी यांच्या हातात मोबाइल आला तो हँडसेट स्वस्त झाले म्हणून, तसाच या नियमामुळेही. कामाचा निरोप घ्यायला आता पैसे लागत नव्हते.

पुढे ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले आणि डेटाचे भाव कोसळले. २०१४ साली एक जीबीला अडीचशे रुपयांहून जास्त पडत. काही वर्षांत ते दहा रुपयांच्या आसपास आले. मात्र त्याच काळात पैलवान गळत गेले. महाराष्ट्र सर्कलमध्ये आज चारच उरले आहेत: जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि बीएसएनएल. पोर्ट करायचे म्हटले तरी पर्याय तीन. हातातल्या हत्याराची धार आता त्या तिनांवर अवलंबून आहे.

कांड्या फुल्ल, कॉल गुल्ल

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६. महापालिकेचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये आठ हजारांवर माणसे. हा झाला सरासरीचा हिशेब. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, महाद्वार रोड इथली दाटी त्याहून पुष्कळ जास्त, आणि विसर्जन मिरवणुकीच्या रात्री तर मोजायलाच नको.

त्या रात्री एक अनुभव प्रत्येकाला येतो. फोनवर सिग्नलच्या सगळ्या कांड्या दिसतात, पण कॉल लागत नाही. कांड्या सांगतात ते एवढेच, की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत ठणठणीत पोहोचतो आहे. टॉवरकडे तुमच्यासाठी जागा आहे का, हे त्या सांगत नाहीत. केएमटीचा थांबा दारासमोर असला म्हणून बसमध्ये जागा मिळेलच असे नाही, तसेच हे. टॉवरवर सहसा तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात. प्रत्येक दिशेच्या वाट्याला लहरींचा ठरावीक पट्टा येतो, आणि तो पट्टा त्या वेळी तिथे असलेल्या सगळ्यांत वाटला जातो. एरवी पाचशे माणसे असतात तिथे पन्नास हजार आली, की वाटा उरत नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेसारख्या गर्दीत चाकांवरचे तात्पुरते टॉवर उभे करावे लागतात ते यासाठी.

लहरींचेही स्वभाव वेगळे. ९०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात. पण त्यांच्या पट्ट्यात माल कमी मावतो. २३००, ३३०० अशा वरच्या लहरींत माल भरपूर मावतो, पण जुन्या वाड्याच्या जाड भिंतीपाशी त्या थबकतात. म्हणून दाट पेठेत चांगली सेवा हवी तर टॉवर कमी अंतरावर आणि जास्त लागतात. आणि इथेच गल्लीचा विरोध सुरू होतो. टॉवर हवा, पण आमच्या माडीवर नको.

किरणोत्सर्गाची भीती समजण्यासारखी आहे. म्हणूनच १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मापाच्या दहाव्या हिश्श्यावर आणली. मात्र एक साधी गोष्ट विसरली जाते. टॉवर लांब असला की सिग्नल कमजोर मिळतो, आणि मग कानाला लावलेला हँडसेट स्वतः जास्त ताकदीने लहरी सोडतो. गल्लीतून टॉवर हटवला तर टॉवरच्या लहरी कमी होतात, कानाजवळच्या वाढतात. टॉवरवर कर मात्र पालिकेला लावता येतो. मोबाइल टॉवर हे मालमत्ता कराच्या कक्षेत येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला.

अर्ध्यावर तुटलेल्या कॉलचे काय? ट्रायने नियम केला होता, की १ जानेवारी २०१६ पासून कंपनीने प्रत्येक तुटलेल्या कॉलमागे ग्राहकाला एक रुपया द्यावा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. कंपन्या न्यायालयात गेल्या. ११ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मनमानी ठरवून रद्द केला. पंच शिट्टी वाजवू शकतो, पण त्याच्याही वर कोणी आहे, हे त्या दिवशी दिसले. एक रुपया कोणाच्याच खात्यात आला नाही.

पंचगंगा ४३ फुटांवर गेली की

कोल्हापूरकराला पावसाळ्यात दोन आकडे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, चिखली-आंबेवाडीची माणसे बोटीतून काढावी लागली.

महापुरात टॉवर क्वचित पडतो. तो उपाशी मरतो. आधी वीज जाते, कारण सुरक्षेसाठी ती बंदच करावी लागते. मग बॅटरी काही तास चालते. मग जनरेटर, पण त्याचे डिझेल ज्या रस्त्याने यायचे तो पाण्याखाली. एक टॉवर बंद पडला की शेजारच्यावर दुप्पट भार येतो आणि तोही कोलमडतो. छतावर अडकलेल्या माणसाच्या हातात फोन असतो, त्यात पाच टक्के बॅटरी असते, आणि नेमके नेटवर्क नसते. अशा वेळी सरकार कंपन्यांना ‘इंट्रा सर्कल रोमिंग’ सुरू करायला लावू शकते: ज्या कंपनीचा टॉवर जिवंत असेल, तो सगळ्यांच्या फोनला वाट देतो. आपत्तीत सिमकार्डाची जात बघायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या दर्जाविषयक नियमांत आणखी एक तरतूद आली. जिल्हाभर नेटवर्क २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिले, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ द्यायची. चांगला नियम, पण त्यातला ‘जिल्हा’ हा शब्द नीट वाचा. पूर साऱ्या जिल्ह्याला सारखा येत नाही. करवीर आणि शिरोळची गावे बुडालेली असतात तेव्हा आजरा-चंदगडचे टॉवर चालू असू शकतात. रेघ कुठे ओढली, यावर भरपाई कोणाला मिळणार ते ठरते. कोगनोळीला ठरत होते तसेच.

मग तक्रार कुठे करायची?

सर्वसाधारण समज असा, की मोबाइल कंपनीविरुद्धची तक्रार ट्रायकडे करायची. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. ते नियम करते. तुमचे बिल बघत नाही. टीडीसॅटही एकट्या ग्राहकाच्या बिलासाठी नाही. रस्ता आहे, पण त्याच्या पायऱ्या आहेत.

पहिली पायरी कंपनीचे तक्रार केंद्र, क्रमांक १९८. तिथे तक्रार नोंदली की डॉकेट नंबर द्यावाच लागतो. मुदतीत काम झाले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर त्याच कंपनीतले अपील प्राधिकरण. ३० दिवसांच्या आत अपील करायचे, त्याला फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचे बंधन आहे. त्यानेही समाधान झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, जो कोल्हापुरातच आहे.

ही शेवटची पायरी काही वर्षे बंद असल्यासारखी होती. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की तार कायद्यात लवादाची सोय आहे, म्हणून टेलिफोन बिलाच्या वादात ग्राहक मंचाला अधिकार नाही. १८८५ चा कायदा १९८६ च्या ग्राहक कायद्याला आडवा आला. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानेच व्होडाफोन आयडियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की दूरसंचार ही सेवा आहे आणि ग्राहक तिच्या तक्रारी घेऊन ग्राहक आयोगात जाऊ शकतो. त्याच्या पुढच्या वर्षी संसदेने नवा दूरसंचार कायदा केला आणि एकशे अडतीस वर्षे चाललेल्या तार कायद्याची जागा घ्यायला तो आला. याच नव्या कायद्यात एका माणसाच्या नावावर नऊपेक्षा जास्त सिमकार्डे घेतल्यास दंड आहे. तुमच्या नावावर किती चालू आहेत, हे ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर दोन मिनिटांत दिसते. आपण न घेतलेला नंबर तिथे दिसला, तर तिथूनच कळवता येतो.

ओवायटीच्या रांगेपासून इथपर्यंत ग्राहक बराच चालत आला आहे. पण या सगळ्या नियमांचा एक दोष आहे: ते मागितल्याशिवाय मिळत नाहीत. दुकानदार सांगत नाही, कंपनीचा मेसेज येत नाही, आणि नियामक दिल्लीत असतो. १९०० हा आकडा कोल्हापूरने एका हत्तिणीपायी पाठ केला. त्याच्या शेजारी १९८ ही लिहून ठेवा. पुढच्या वेळी बिल चुकले, नेट बंद पडले, न मागितलेली सेवा सुरू झाली, तर दुकानात जाऊन भांडण्यात दुपार घालवू नका. १९८ लावा, आणि फोन ठेवण्याआधी डॉकेट नंबर कागदावर उतरवून घ्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या कागदावरच उभ्या आहेत.